देवाचा मान, माणसाचा मान : पंडिता रमाबाईंच्या निमित्ताने



पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव ‘ख्रिस्ती जीवनातील सन्मान’ असं छापलं आहे. नाव भारदस्त आहे, पण त्यात एक धोका आहे. देवाला मान द्यावा, माणसाला मान द्यावा, असं म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि व्याख्यान तिथंच संपतं. म्हणून मी आज गुणांची यादी सांगणार नाही. एक जुनी गोष्ट सांगतो आणि मग एका बाईबद्दल बोलतो.

गोष्ट जुन्या करारातली, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली. शिलो इथं देवाचं मंदिर होतं आणि एली तिथला म्हातारा याजक. त्याचे दोन मुलगे, हफनी आणि फिनहास, तेही याजक. लोक यज्ञासाठी जनावर घेऊन येत. देवाचा वाटा अर्पण होण्याआधीच या दोघांचा नोकर काटा घेऊन मांस मागायला हजर, आणि नाही म्हटलं तर जबरदस्ती. दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या बायकांशीही त्यांचं वर्तन वाईट होतं. एलीनं त्यांना चार शब्द सुनावले, पण पदावरून दूर केलं नाही. मग देवाचा एक माणूस येऊन त्याला ठणकावतो : देवापेक्षा तू आपल्या पोरांचा मान जास्त ठेवलास.

या गोष्टीत मंदिर चालू आहे, यज्ञ चालू आहेत, पूजाविधीत खंड पडलेला नाही. तरीही देवाचा अपमान होतो आहे, आणि तो होतो आहे भाविकाच्या ताटातला घास ओढून, दाराशी उभ्या असलेल्या बाईवर हात टाकून. देवाचा मान कुठं जातो हे माणसाशी कसं वागलं जातं यावरून कळतं. बायबलमध्ये ही गोष्ट पुन्हा पुन्हा येते.

येशूनं तर ती आणखी उघड केली. त्याच्या काळी एक सोय होती. आपली मालमत्ता ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेली, असं म्हणून टाकलं की म्हाताऱ्या आईबापाला त्यातून काही द्यायला नको. धर्माच्या नावानं जबाबदारीतून सुटका. येशू यावर चिडलेला दिसतो. आईबापाचा मान राखण्याची आज्ञा देवानंच दिली, आणि तुम्ही देवाचंच नाव पुढं करून ती मोडता, असा त्याचा सवाल. डोंगरावरच्या प्रवचनात त्यानं सांगितलं की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणजे देवानं आपल्या पाळीत थांबायचं आणि शेजाऱ्याला पुढं जाऊ द्यायचं! याकोबाच्या पत्रात सभेत आलेल्या सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला ‘तू उभा राहा’ म्हणणाऱ्या मंडळीची कानउघाडणी आहे. आमच्या कित्येक देवळांत आजही पुढचे बाक कुणाचे आणि मागचे कुणाचे हे न लिहिता ठरलेलं असतं, म्हणून हे पत्र थोडं कमीच वाचलं जातं असं मला कधी कधी वाटतं.

ही झाली शिकवण. पण प्रश्न असा की देवाचा मान आणि माणसाचा मान यांत खरोखरच ओढाताण झाली, तर माणूस काय करतो? हे पाहायला मला पंडिता रमाबाईंपेक्षा चांगलं आयुष्य मराठीत दिसत नाही. त्यांच्यावर आरत्या लिहिणारे आहेत आणि त्यांच्यावर दगड उगारणारेही आहेत. मला दोन्ही नकोत.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी पश्चिम घाटात, गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना धर्मपंडितांसमोर जाब द्यावा लागला, आणि तरी त्यांनी शिकवणं सोडलं नाही. मुलीला आईनं शिकवलं. कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरलं, आणि 1870 नंतरच्या दुष्काळात वडील, आई, बहीण अशी एकेक माणसं गेली. पुढं 1887 साली अमेरिकेत त्यांचं ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे पुस्तक निघालं, तेव्हा त्यांनी ते आईला, लक्ष्मीबाई डोंगरे यांना, अर्पण केलं. ख्रिस्ती होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. पुस्तकाचे वाचक बहुतांश अमेरिकन ख्रिस्ती, आणि पहिल्या पानावर मान मिळाला तो एका ब्राह्मण पुराणिकाच्या बायकोला. नवा धर्म घेतल्यावर जुन्या घराला नावं ठेवणं सोपं असतं, कधी कधी त्याची बक्षिशीही मिळते. त्या पुस्तकात हिंदू समाजावर झोंबणारी टीका आहे, ती रमाबाईंनी कुठं मवाळ केलेली नाही. पण टीका रूढीवर आहे, आणि आईचा मान अढळ आहे.

धर्मांतर 1883 चं. इंग्लंडात वाँटेज इथल्या सेंट मेरी द व्हर्जिन भगिनीसंघात त्या राहिल्या होत्या. आपल्या आत्मकथनात त्यांनी सांगितलं आहे की त्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला चालवलेलं काम दाखवायला नेलं. ज्या बायकांना समाज ‘पतित’ म्हणून झिडकारतो, त्यांना तिथं प्रेमानं सांभाळत. रमाबाईंनी धर्मशास्त्रं वाचली होती. अशा बाईला शास्त्रात काय जागा आहे हे त्यांना पाठ होतं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल एका भगिनीनं योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाई आणि येशू यांची भेट वाचून दाखवली. पाच नवरे होऊन गेलेली, परजातीची, भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली बाई. तिच्याकडे येशू पाणी मागतो, आणि खऱ्या उपासनेविषयी जे बोलतो ते याजकाशी नाही, तिच्याशी बोलतो. रमाबाईंना ख्रिस्त पटला तो इथं. तर्कानं नंतर पुष्कळ भांडण केलं, त्याकडे आता येतो.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई ‘आजीबाई’ म्हणत. या दोघींचा पत्रव्यवहार 1977 साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं प्रसिद्ध केला. ज्यांना धार्मिक पुस्तकांचा कंटाळा येतो त्यांनीही तो वाचावा, कारण तो भांडणानं भरलेला आहे. त्रैक्याचा सिद्धांत जसा सांगतात तसा मानायला रमाबाई तयार नव्हत्या. शाकाहार सोडायला तयार नव्हत्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असा त्यांचा प्रश्न. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या शिकत होत्या, तिथं त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला. बिशपांनी आक्षेप घेतला : हिंदुस्थानात नाव खराब होईल. रमाबाईंचं उत्तर असं की माझ्या आईनं पुरुषांना शिकवलं तेव्हा माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, मग तुम्ही कोण? आणि सगळ्यात मोठा मुद्दा : भारतातल्या पुरोहितांचं जोखड मी महाप्रयासानं मानेवरून उतरवलं आहे, तसलंच दुसरं आता पत्करणार नाही.

आता इथं थांबून विचार करा. ही बाई परावलंबी आहे. अन्न त्यांचं, छप्पर त्यांचं, लहान मुलगी मनोरमा त्यांच्या देखरेखीत. उपकारकर्त्यांचा मान राखायला हवा, हे तिला कळत नाही असं नाही. पत्रांतली माया खरी आहे. पण मान राखणं म्हणजे आपली सदसद्विवेकबुद्धी त्यांच्या हवाली करणं नव्हे, हेही ती तितक्याच शांतपणे सांगते. तिच्या मते विवेक देवाचा आहे, तो दुसऱ्याला देऊन टाकायचा तिला अधिकारच नाही. आज्ञाधारकपणालाच मान समजणाऱ्या सगळ्यांना, मग ते पाळक असोत, सासरे असोत की संस्थाचालक, हे अवघड जातं.

मार्च 1889 मध्ये मुंबईत चौपाटीवर शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. उच्चवर्णीय विधवांसाठी निवास आणि शिक्षण. धर्म शिकवायचा नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, अशी अट. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर. रमाबाई स्वतः आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. मग ‘केसरी’ तापला, आणि 1893 साली रानडे-भांडारकर सल्लागारपदावरून बाजूला झाले. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या.

दार उघडं ठेवणं हा प्रामाणिकपणा की आमिष? रमाबाईंची बाजू मला समजते : आपल्या घरात लपून प्रार्थना करणं म्हणजे देवाला कमीपणा आणणं. रानड्यांचीही समजते : जिला जायला दुसरं घर नाही अशा मुलीसमोर उघडं दार हेसुद्धा आमंत्रण असतं. माझं मत रमाबाईंकडे झुकतं, पण सरळ नाही. ज्या बाईनं वाँटेजमध्ये दुसऱ्याच्या छपराखाली स्वतःचा विवेक सांभाळला, तिच्या छपराखाली आता दुसऱ्या मुलींचा विवेक होता. पारडं फिरलं होतं. 1895 मध्ये सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, आणि नंतर केडगावला उभं राहिलेलं मुक्ती मिशन तर उघडपणे ख्रिस्ती होतं.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-विधवा घेऊन आल्या. दुष्काळात घरची माणसं गमावलेली बाई दुसऱ्या दुष्काळात गेली, यावर भाष्य करायची गरज नाही. पुण्यात प्लेग, म्हणून मुक्काम केडगावला. त्याच वर्षी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत बायकांची कशी अवहेलना होते ते मांडलं. पेत्राच्या पहिल्या पत्रात राजाचा मान राखण्याची आज्ञा आहे, आणि त्याच वाक्यात सर्वांचा मान राखण्याचीही. मिशनरी मंडळी एरवी पहिलीवर भर देत. रमाबाईंनी दुसरी उचलली. सरकारनं आरोप नाकारले, प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटात गेलं. धर्मांतरावरून त्यांच्यावर रोज टीका करणारे पुणेकर आणि रमाबाई त्या वर्षी नकळत एकाच बाजूला उभे होते!

1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीत दोन हजारांच्या आसपास माणसं होती. आता जातीची अट नव्हती. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जाई, म्हाताऱ्या आणि अपंग बायकांसाठी प्रीती सदन होतं. आणि एक होतं कृपा सदन, फुलहॅमला पाहिलेल्या बायकांसारख्यांसाठी. विणकाम, तेलघाणी, शेती, छापखाना, सगळं बायकांच्या हातात. उत्तरायुष्यात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, म्हणजे या बायकांना कुणी पंडित शेजारी न बसवता वाचता यावं. खिळे जुळवले त्यांच्याच मुलींनी. रमाबाई 5 एप्रिल 1922 ला गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये निघालं.

पण माझा प्रश्न मी सोडलेला नाही. दुष्काळातून उचलून आणलेलं सात वर्षांचं पोर बाप्तिस्म्याला ‘हो’ म्हणतं, तेव्हा ते कुणाला ‘हो’ म्हणत असतं, देवाला की भाकरीला? रमाबाईंचं मन स्वच्छ होतं याविषयी मला शंका नाही. पण बलवानाचं मन स्वच्छ असणं दुर्बळाच्या मोकळेपणाला पुरत नाही, हे त्यांनी स्वतःच आजीबाईंना पत्रापत्रांतून शिकवलं होतं. मुक्तीत त्या धड्याचं पूर्ण पालन झालं असं मला म्हणता येत नाही. दुसरीकडे, टीका करणाऱ्यांपैकी किती जण तीनशे पोरी आणायला मध्य प्रांतात गेले, हेही विचारायला हवं. उपाशी पोराचा विवेक जपायचा तर आधी ते पोर जगवावं लागतं.

समोर ख्रिस्ती मंडळी बसली आहेत आणि पुण्यातली जुनी सुधारक घराणीही. दोघांनाही माझा हा भाग आवडला नसणार. अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास ठेवला आहे, तेव्हा याच मुद्द्यापासून सुरुवात करू या.