‘सरकार’ म्हणजे नक्की कोण?

(वनहक्क समित्यांच्या शिबिरातलं भाषण)



आपण सगळ्यांना एकच नाव दिलंय, सरकार. गार्ड आला की सरकार आलं, कोर्टाचा कागद आला की सरकारचा कागद, खासदार आला तरी सरकारच. म्हणून कोणीपण येऊन दम देतो अन् आपण गप बसतो. पण घटनेनं कामाची वाटणी केली आहे. कायदा करायचा संसदेनं. तो चालवायचा मंत्री, कलेक्टर, फॉरेस्ट खात्यानं. कायद्याचा अर्थ सांगायचा अन् न्याय करायचा कोर्टानं.

ही वाटणी आपल्या जमिनीवर कशी चालली ते बघा. मे २००२ मध्ये पर्यावरण व वन मंत्रालयानं राज्यांना पत्र धाडलं, जंगलातली अतिक्रमणं काढा. संसदेनं नवा कायदा केला नव्हता, नुसतं पत्र होतं. तेवढ्यावर देशात कितीतरी ठिकाणी झोपड्या मोडल्या, पिकं तुडवली.

लोक रस्त्यावर उतरले. मग १३ डिसेंबर २००५ ला वनहक्काचं बिल लोकसभेत आलं. त्यात अट होती, कब्जा २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीचा पाहिजे. बिल दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीनं सांगितलं, तारीख १३ डिसेंबर २००५ धरा. पंचवीस वर्षांचा फरक! त्या वर्षांत नांगर धरलेल्या माणसाचा दावा यामुळंच उभा राहतो. मंत्र्यानं आणलेला कागद तपासायचा, बदलायचा, हे संसदेचं पहिलं काम.

डिसेंबर २००६ मध्ये कायदा पास झाला. पण लागू करायची तारीख ठरवणं सरकारच्या हातात. ते ३१ डिसेंबर २००७ ला झालं, म्हणजे वर्ष गेलं. म्हणून संसदेचं दुसरं काम तेवढंच मोठं आहे, मंत्र्याला जाब विचारायचा. आपला खासदार तिथं तोंड उघडतो का, हे आपण बघायचं.

आता कोर्ट. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं दावे फेटाळलेल्यांना काढायचा हुकूम दिला. २८ तारखेला तोच हुकूम थांबवला अन् राज्यांना विचारलं, दावे फेटाळताना कायद्याची पद्धत पाळली का? म्हंजे संसदेनं लिहिलेला शब्द कोर्टातपण बघावा लागतो.

तो शब्द आपल्याला पाठ पाहिजे. कलम ४, पोटकलम ५: दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कब्जा काढता येत नाय. दावा फेटाळला तर कारणासकट कळवलं पाहिजे, अन् साठ दिवसांत वरच्या समितीकडे जाता येतं.

उद्या कोणी शेतात येऊन ‘वरून ऑर्डर आहे’ म्हणाला, तर शांतपणे विचारा: वरून म्हंजे कुठून? संसदेचा कायदा, कोर्टाचा हुकूम, का साहेबाचं पत्र? कागद दाखवा. कागद नसेल तर तसं ग्रामसभेच्या वहीत लिहा, तारीख टाका, अन् नक्कल खासदाराला पाठवा. संसदेत विचारायला त्याला प्रश्न मिळेल, अन् नाय विचारला तर पुढच्या मताच्या वेळी आपल्याला.

जोहार!