फोर्कलिफ्टचा तोल आणि चालकाचा हक्क



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर युनियनचा माणूस उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता नाहीतर सरकार ह्यांपैकी कशावर तरी बोलणार, अशी श्रोत्यांची अटकळ असते. मी आज एका गाडीविषयी बोलणार आहे. वसंतातल्या व्याख्यानांची ही प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली घातली, आणि तेव्हापासून धर्म, अर्थकारण, इतिहास, राजकारण असे सगळे विषय ह्या व्यासपीठांनी ऐकले आहेत. लोखंडाच्या दोन काट्यांवर माल उचलणाऱ्या गाडीलाही येथे एक संध्याकाळ मिळावयास हरकत नाही. कारण आज ह्या सभेत बसलेल्या निम्म्या घरांचे पोट त्या काट्यांवरून जाते.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला, त्यानंतर मोटारी, स्कूटरी, टेंपो ह्यांचे कारखाने आकुर्डी-चिंचवडला आले, आणि १९९९ नंतर चाकणच्या माळावर जी रांग लागली ती अजून थांबलेली नाही. देहू आणि आळंदी ह्यांच्या आसपासचा हा मुलूख पूर्वी दिंड्यांच्या वाटांनी ओळखला जाई. आता कंटेनरांच्या रांगांनी ओळखला जातो. कंटेनर भरणारे आणि उपसणारे यंत्र म्हणजे फोर्कलिफ्ट. तिच्याविषयी माझ्या मनात राग नाही. हमालाच्या पाठीवरचे ओझे तिने उतरवले, आणि ज्याने पोत्याखाली वाकलेल्या पाठी पाहिल्या आहेत तो तिला वाईट म्हणणार नाही. माझी तक्रार निराळी आहे. आपण ही गाडी मोटारीसारखी समजून चालवतो, आणि ती मोटार नव्हे.

ज्यांनी लहानपणी बैलगाडी हाकली असेल त्यांना तिचा स्वभाव चटकन समजेल. गाडीत मागच्या बाजूला माल जास्त भरला की गाडी उलाळते, जू वर उचलले जाते, आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. फोर्कलिफ्ट ही कायमची उलाळू पाहणारी गाडी आहे. माल सगळा पुढच्या चाकांच्याही पुढे लोंबतो. त्याला तोलून धरावयास मागे बिडाचा अवजड ठोकळा बसवलेला असतो. पुढचा आस म्हणजे तराजूची दांडी ज्यावर टेकते ती धार. तीन टन उचलणाऱ्या गाडीचे स्वतःचे वजन चार टनांच्या वर असते ते ह्याचसाठी.

आता थोडे गणित करू. गाडीवर एक पाटी असते. तीवर लिहिलेले असते, क्षमता ३,००० किलो, लोड सेंटर ५०० मिलिमीटर. पहिला आकडा सर्वजण वाचतात, दुसरा कोणी वाचत नाही. समजा, पुढच्या आसापासून काट्यांच्या उभ्या पाठीपर्यंत अर्धा मीटर अंतर आहे. पाटीचा अर्थ असा की मालाचा मध्य त्या पाठीपासून अर्ध्या मीटरवर, म्हणजे आसापासून एक मीटरवर असेल, तरच ही गाडी तीन टनांची. उद्या दोन मीटर लांबीची लाकडी पेटी आली. तिचा मध्य पाठीपासून एक मीटर, आसापासून दीड मीटर. तिनाला दिडाने भागा. तीच गाडी दोन टनांची झाली! पेटी अडीच टनांची असेल तर मागची चाके उचलली जातील, आणि मागच्या चाकांनीच तर गाडी वळते. म्हणजे सुकाणूही गेले. अशा वेळी दोन हेल्परांना मागे वजन म्हणून उभे करण्याची युक्ती मी पाहिली आहे. तिला युक्ती म्हणणाऱ्यांनी स्वतः एकदा तेथे उभे राहून पाहावे.

हे पुढे पडण्याचे झाले. पण माणसे मरतात ती बहुधा गाडी कुशीवर पडते तेव्हा. चार चाके दिसतात म्हणून आपण समजतो की गाडी चौरंगासारखी भक्कम उभी आहे. नेहमीच्या फोर्कलिफ्टमध्ये मागचा आस मधोमध एका पिनेवर डुलता ठेवलेला असतो. त्यामुळे गाडी खरी उभी असते ती तीन टेकूंवर: पुढची दोन चाके आणि ती मागची पिन. ही तिवई आहे, आणि तिचे टोक चालकाच्या पाठीमागे आहे. सगळ्या वजनाचा मध्य ह्या त्रिकोणात आहे तोवर गाडी उभी. काट्यांवर माल असून तो खाली असेल तर तो मध्य पुढे, त्रिकोणाच्या रुंद बाजूला असतो. माल उतरवला की मध्य मागे सरकतो, अरुंद टोकाकडे. म्हणून रिकामी गाडी वळणावर भरलेल्या गाडीपेक्षा लवकर उलटू शकते. चालकांना हे सांगितले की ते हसतात. माल टाकून रिकामी गाडी भरधाव परत आणावयाची हीच तर सर्वत्र रीत! वेग दुप्पट झाला की वळणावर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो, आणि थांबावयास लागणारे अंतरही चौपट.

परदेशात वाळूत, शेतात, डोंगरात चालावी म्हणून एक उघडी छोटी गाडी निघाली. कोकणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवताना ती आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. १९७० साली होंडाने ती विकावयास काढली तेव्हा तिला तीन चाके होती. ती वळणावर, चढावर इतकी उलटली आणि तीत इतकी मुले दगावली, की १९८८ साली अमेरिकेत सरकार आणि कारखानदार ह्यांच्यात न्यायालयामार्फत तडजोड होऊन नव्या तीनचाकींची विक्री बंद झाली. वर्षानुवर्षे दोष बसणाऱ्याला दिला जात होता. तो बराचसा चाकांच्या मांडणीत निघाला. हे सांगण्याचे कारण असे की आमच्याकडे फोर्कलिफ्ट हीच ‘सर्व जमिनीवर चालणारी’ गाडी करून टाकली आहे. तिची चाके लहान, टणक, बिनस्प्रिंगांची. पोट जमिनीपासून वीतभरही वर नाही. ती गुळगुळीत काँक्रिटसाठी बनलेली. चाकणला शेडच्या आत काँक्रिट असते, दाराबाहेर मुरूम असतो, आणि जूननंतर मुरुमाचा चिखल होतो. पुढच्या दोन चाकांत मीटरभर अंतर धरा. एक चाक पाच सेंटिमीटर खड्ड्यात गेले, तर चार मीटर उंच धरलेला माल वीस सेंटिमीटर बाजूला झुकतो. मोठ्या हवेच्या टायरांची, खडबडीत जमिनीवर चालणारी निराळी फोर्कलिफ्ट मिळते. ती महाग असते, म्हणून अंगणात शेडमधलीच गाडी धावते.

गाडी कलंडू लागली तर काय करावे, हे प्रत्येक चालकाला पाठ हवे. उडी मारू नये. बसून चालवावयाच्या गाडीत पट्टा बांधलेला असावा, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि ज्या बाजूला गाडी पडते तिच्या उलट बाजूला अंग झुकवावे. उडी मारणारा माणूस गाडी जेथे पडणार तेथेच पडतो, आणि डोक्यावरचा जो पिंजरा त्याला वाचवण्यासाठी बसवला, तोच त्याच्या छातीवर येतो. मनाला उलटे वाटते खरे. म्हणूनच ते अगोदर शिकवावे लागते. त्या क्षणी सुचत नाही.

बाकी नियम थोडक्यात सांगतो. माल जमिनीपासून वीतभर उंचीवर, मास्ट मागे कललेला, अशीच गाडी चालवावी. उंचावर धरून कधीच नाही. भरलेल्या गाडीचा माल नेहमी चढाच्या बाजूला असावा, म्हणजे उतार उतरताना गाडी रिव्हर्समध्ये. रिकाम्या गाडीचे काटे उताराच्या बाजूला. उतारावर वळू नये. मालामुळे समोरचे दिसत नसेल तर सपाटीवर मागे तोंड करून जावे. गाडी मागच्या चाकांनी वळत असल्याने तिचा पार्श्वभाग बाहेर फेकला जातो आणि शेजारी उभा असलेला हेल्पर भिंतीशी चिरडतो. म्हणून माणसांची वाट रंगाने आखून चालत नाही, मध्ये कठडा हवा. उचललेल्या काट्यांखाली कोणी जावयाचे नाही, काट्यांवर उभे राहून बल्ब बदलावयाचा नाही.

देखभालीविषयी मात्र मला सविस्तर बोलले पाहिजे, कारण तेथे पैसा आणि वेळ येतो. शेतकरी बैल जुंपण्यापूर्वी त्याचा खूर पाहतो, खांद्याची सूज पाहतो. त्याच शेतकऱ्याचा मुलगा कारखान्यात येतो आणि आधीच्या शिफ्टच्या माणसाने चालू ठेवलेल्या गाडीवर तसाच उडी मारून बसतो. त्याला दहा मिनिटे कोणी देत नाही. त्या दहा मिनिटांत पुष्कळ काही होते. ब्रेक, हातब्रेक, हॉर्न, दिवे, टायर, तेलाचे थेंब हे डोळ्यांना आणि कानांना कळते. साखळी मोजावी लागते: नवी असताना जो तुकडा ३०० मिलिमीटर भरला तो ३०९ भरला, म्हणजे शेकडा ३ वाढला, की साखळी बदलावयाची, तेल लावून चालत नाही. काट्याची टाच, म्हणजे तो वाकतो तेथली जाडी, जमिनीवर घासून झिजते. ४० मिलिमीटरचा काटा ३६ झाला की झीज दहावा हिस्सा दिसते. पण ताकद जाडीच्या वर्गाने घटते, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा गेलेला असतो. तो काटा बाद करावयाचा. शेजारच्या वर्कशॉपमधून वेल्डिंग मारून आणलेला काटा म्हणजे टांगलेली तलवार आहे.

हायड्रॉलिक होज कोठे गळतो हे पाहावयास हात फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. सुईच्या छिद्रातून दाबाने निघालेले तेल कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी, पहिल्यांदा दुखतही नाही, आणि उशीर झाला तर हात कापावा लागतो. बॅटरीची गाडी असेल तर चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो शेकडा ४ झाला की ठिणगीने भडकतो. खोलीला वारा हवा, बिडी बाहेर. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: बॅटरीचे वजन हेही मागच्या ठोकळ्यात धरलेले असते. स्वस्त म्हणून हलकी बॅटरी बसवली की पाटीवरचा आकडा खोटा झाला.

खंडेनवमीला आपण ह्याच गाडीला झेंडूचे तोरण बांधतो, नारळ फोडतो, लिंबू-मिरची टांगतो. जरूर करावे. पण रंग देताना पाटीही रंगवून टाकतात, आणि ती खरवडून वाचावयाची झाली तर इंग्रजीत असते. चालवणारा बीडचा, लातूरचा, बिहारचा, ओडिशाचा. त्याला वाचता येणार नाही अशा भाषेत त्याचा जीव लिहून ठेवला आहे.

आता जबाबदारीविषयी. एका कारखान्यात, नाव सांगत नाही, ठेकेदाराकडचा एक मुलगा रिकामी गाडी वळवताना कलंडला, उडी मारली आणि पाय गमावून बसला. चौकशीच्या कागदावर एकच ओळ होती: चालकाचा निष्काळजीपणा. आम्ही तक्रारवही मागितली. ब्रेक एका बाजूला ओढतो, असे तीत त्याच्याच हाताने अकरा दिवस आधी लिहिलेले होते. पुढे सुपरवायझरचा शेरा होता, ‘पाहिले’. त्या खात्यात दिवसाला किती खेपा झाल्या ह्यावर ठेकेदाराचे बिल ठरत असे. खेपांवर पैसे मोजावयाचे आणि वेगाबद्दल शिक्षा करावयाची, असा हा न्याय होता. पायाची भरपाई मिळवावयास आम्हांला पुढे दोन वर्षे भांडावे लागले.

अमेरिकेत १९९९ पासून नियम आहे की वर्गातले शिक्षण, प्रत्यक्ष सराव आणि परीक्षा झाल्याखेरीज कोणाला फोर्कलिफ्टवर बसवता येत नाही, आणि दर तीन वर्षांनी चालकाची पुन्हा पारख होते. आपल्याकडे १९८४ च्या भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन सुरक्षिततेची माहिती आणि शिक्षण मागण्याचा हक्क कामगाराला मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. माहिती मागण्याचा, आणि जिवाला तातडीचा धोका दिसला तर तो मालकाच्या नजरेस आणण्याचा हक्क तीतही आहे. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या तिने १० कामगारांवरून २० वर नेली. भोसरी, तळवडे येथल्या किती लहान शेड ह्या रेषेखाली जातील ह्याचा विचार करा. फोर्कलिफ्ट तेथेही असते, बहुधा जुनी, दुसऱ्याने विकून टाकलेली.

आमच्या चळवळीलाही मी सोडणार नाही. ‘फोर्कलिफ्ट भत्ता’ म्हणून महिना काही रुपये वाढवून घेतले की धोक्याचा प्रश्न सुटला, असे मानणाऱ्या युनियन आहेत. भत्त्याने ब्रेक लागत नाही. करारात मागावयाचे ते हे: शिफ्टच्या सुरुवातीची तपासणीची दहा मिनिटे पगारी वेळेत, चालकाला कायम आणि ठेकेदारीचा असा भेद न करता शिक्षण, पाटी मराठीत आणि हिंदीत, आणि लाल पट्टी. लाल पट्टी म्हणजे असे की दोष दिसला तर चालकाने किल्ली काढून पट्टी लावावी, ती फक्त फिटरने दुरुस्ती करून सही केल्यावर काढावी, आणि तोवर ती गाडी चालवावयास कोणत्याही साहेबाने सांगू नये. एका ठिकाणी आम्ही हे कलम मिळवले. पहिल्या महिन्यात पट्ट्या भराभर लागल्या, व्यवस्थापन चिडले, काही पट्ट्या आळसाने लावलेल्याही होत्या, ते मी नाकारीत नाही. तिसऱ्या महिन्यात पट्ट्या कमी झाल्या, कारण फिटर आता आधीच गाड्या पाहू लागले होते.

ठेकेदारांच्या मुलांना हे सांगावयास आम्हांला गेटच्या आत जाता येत नाही. म्हणून शिफ्ट सुटण्याच्या वेळी चाकणच्या तळेगाव चौकात, चहाच्या टपरीवर, कागदावर तो त्रिकोण काढून आम्ही दाखवतो. तोच कागद मराठीत आणि हिंदीत छापून मंडपाच्या दाराशी ठेवला आहे. ज्यांच्या घरी कोणी ही गाडी चालवीत असेल त्यांनी जाताना एक घेऊन जावा, आणि शेजारच्या खोलीतल्या परगावच्या मुलांसाठी दुसरा.