दानाआधीची जाणीव

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चौक येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा गौरव करताना, ज्या भूमीवर ती उभी आहे त्या भूमीकडेही एकवार पाहणे औचित्याचे ठरेल. चौक गावाच्या परिसरातून दोन डोंगर नजरेस पडतात. एक माथेरानचे पठार आणि दुसरा इर्शाळगडाचा सुळका. मे १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम याच चौकला होता. येथून ते डोंगर चढून गेले आणि माथेरान थंड हवेचे ठिकाण म्हणून प्रसिद्धीस आले. पुढे मुंबईच्या धनिकांचे बंगले तेथे उभे राहिले, आणि १९०७ साली सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या पुढाकाराने नेरळहून छोटी आगगाडीही वर पोहोचली. इर्शाळगडाच्या उतारावर वसलेल्या ठाकर आदिवासींच्या इर्शाळवाडीला मात्र त्यानंतर शंभर वर्षे लोटली तरी पायवाटेखेरीज रस्ता नव्हता. जगातील विषमता समजून घेण्यासाठी दूरदेशीचा नकाशा उघडण्याची आवश्यकता नाही. चौकातून मान वर केली तरी ती दिसते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात त्या वाडीवर दरड कोसळली. यंत्रे वर नेता येईनात, म्हणून माणसांनी फावड्या-कुदळींनी चिखल उपसला. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबवावे लागले. आश्रमशाळेत राहत असल्यामुळे काही मुले वाचली, पण त्यांतील कित्येकांचे आईवडील गेले. त्यानंतर गावोगावहून मदतीचा ओघ सुरू झाला. समाजाची करुणा आटलेली नाही, हे त्यावरून सिद्ध झाले. परंतु एक गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. दरडप्रवण गावांच्या शासकीय यादीत या वाडीचे नावच नव्हते. करुणा होती, धनही होते, उणीव होती ती जाणिवेची. ज्यांचे नाव कोणत्याच यादीत नसते, त्यांच्यापर्यंत दान पोहोचते ते आपत्तीनंतरच.

दारिद्र्याचा विचार जगात बहुधा आकड्यांतून होतो. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये अतिदारिद्र्याची रेषा दरडोई दररोज तीन डॉलर अशी ठरविली. त्या रेषेखाली सुमारे ८० कोटी माणसे आहेत, असा तिचा अंदाज आहे. आकडे आवश्यक आहेत, पण ते ऐकून कोणाची झोप उडत नाही. ज्याने वेगळा मार्ग दाखविला तो स्वतः दारिद्र्यात वाढलेला एक फ्रेंच धर्मगुरू होता. जोसेफ व्रेसिन्स्की हे त्यांचे नाव. पॅरिसजवळच्या बेघरांच्या छावणीत राहून त्यांनी १९५७ साली तेथील कुटुंबांसह संघटना उभी केली. गरिबांना नुसते अन्न पुरवून भागणार नाही, त्यांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून जगाने ऐकले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १७ ऑक्टोबर १९८७ रोजी त्यांच्या हाकेला ओ देऊन पॅरिसमध्ये सुमारे एक लाख लोक एकत्र आले. १९९२ साली संयुक्त राष्ट्रसंघाने तोच दिवस आंतरराष्ट्रीय दारिद्र्य निर्मूलन दिन म्हणून घोषित केला. आज जगभर पाळला जाणारा हा दिवस एका छावणीतील चिखलातून वर आलेला आहे.

असेच तळातून वर गेलेले कार्य कर्जत तालुक्यातही घडले आहे. डोंगराळ वाड्यांत भूक ही ऋतूसारखी ठराविक वेळी येते. सुगीला घरात आलेले भात आणि नाचणी-वरी उन्हाळ्याअखेर संपत येते. आषाढ-श्रावणात लावणीची कष्टाची कामे असतात आणि नेमका तेव्हाच घरात दाणा नसतो. सावकाराकडून मणभर भात घेतले की सुगीला ते दिढीने, कधी दुपटीने फेडावे लागे. नवे पीक खळ्यावर येण्यापूर्वीच त्यातील मोठा हिस्सा परक्याच्या नावे पडलेला असे. कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने वाड्यावाड्यांत धान्य बँका उभ्या करण्याचे काम हाती घेतले. आरंभीचा साठा बाहेरून मिळाला, तरी पुढचा कारभार वाडीचाच. पावसाळ्यात गरजेपुरते धान्य घ्यावयाचे आणि सुगीला थोड्या वाढाव्यासह परत करावयाचे. तो वाढावा सावकाराच्या कणगीत न जाता वाडीच्याच कोठारात पडतो. कोणाच्या घरात किती दाणा आहे आणि कोणाला किती द्यावा, हे वाडीतील माणसेच एकत्र बसून ठरवितात. म्हणजे कोठाराबरोबर जाणीवही भरत जाते. पुढे १९९६-९७ मध्ये केंद्र शासनानेही आदिवासी भागांसाठी ग्राम धान्य बँकेची योजना सुरू केली.

जैन श्रोत्यांना येथे कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडू शाहांचे स्मरण झाल्याशिवाय राहणार नाही. विक्रम संवत १३१२ ते १३१५ या दुष्काळात त्यांनी आपली कोठारे खुली केली. त्यांच्या चरित्रातील एक प्रसंग मननीय आहे. राजाने धान्य मागितले, तेव्हा कोठारांत ताम्रपट निघाले आणि हे धान्य गरिबांसाठी आहे असे त्यांवर कोरलेले होते. दुष्काळ येण्यापूर्वीच त्या श्रेष्ठीने ते धान्य आपल्या मालकीतून वजा केले होते. जे आपले नव्हेच ते दिले, तर त्यास उपकार कसे म्हणावे? श्रावकाच्या बाराव्या व्रताचे नाव अतिथिसंविभाग आहे. त्यातील संविभाग या शब्दाचा अर्थ यथोचित वाटणी असा आहे. दान देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली असतो. वाटणीला मात्र दोघे एकाच पंगतीत बसतात.

मात्र वाटणी करावयाची तर हिशेब स्वच्छ हवा, आणि येथे व्यापारी समाजाने स्वतःकडेही पाहावे. दिवाळीत पेढीवर चोपडापूजन होते, नव्या वहीवर शुभ-लाभ लिहिले जाते. त्याच सुमारास या पट्ट्यातील कातकरी कुटुंबे वीटभट्टीची उचल घेऊन, बिऱ्हाड पाठीवर टाकून गाव सोडू लागतात. मुलांची शाळा तेथेच तुटते. मजुरी हजार विटांवर ठरते. आठवड्याची खावटी तेवढी हातात पडते, आणि तीही उचलीप्रमाणे मजुराच्या नावे लिहिली जाते. पावसापूर्वी हिशेब होतो तेव्हा पुष्कळदा त्याच्याच अंगावर बाकी निघते आणि ती फेडण्यासाठी पुढील वर्षी पुन्हा तीच भट्टी. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. तरीही ज्याला स्वतःच्या नावाचे खाते वाचता येत नाही, त्याला बांधून ठेवण्यास साखळीची गरज पडत नाही. धर्मशाळा, उपाश्रय, गोदामे यांच्या भिंतीही विटांच्याच आहेत. त्या विटांच्या मजुरीचा हिशेब कोणी मागितला आहे काय? परिग्रहाचे परिमाण करणाऱ्याने धन किती आहे हे जसे मोजावे, तसेच ते कोणत्या वाटेने आले हेही तपासावे.

जाणीव उभयपक्षी असावी लागते. धनवंताला विषमता दिसली पाहिजे आणि श्रमिकाला आपला हक्क कळला पाहिजे. आरंभी उल्लेखिलेल्या माथेरानचेच उदाहरण पुरे आहे. तेथे वाहनांना बंदी, म्हणून माणसाने माणसाला हातरिक्षात बसवून चढावर ओढावयाचे, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. पर्यटकांना ती मौज वाटे. ओढणाऱ्यांनी स्वतः संघटित होऊन ई-रिक्षाची मागणी केली. निवृत्त शिक्षक सुनील शिंदे यांनी त्यांच्यासाठी न्यायालयापर्यंत पाठपुरावा केला. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेस बाधक ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ज्यांच्या पाठीवर पर्यटनाचा भार होता, त्यांनी तोंड उघडले म्हणून हे घडले.

सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने काय करावे? आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चारही दाने परंपरेने सांगितली आहेत. पहिली दोन समाज उदारपणे करतो. उरलेल्या दोहोंसाठी पैशापेक्षा पायपीट अधिक लागेल. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी तरुण कार्यकर्त्यांनी परिसरातील प्रत्येक वाडीवर जावे. कोठे रस्ता नाही, कोठे वरचा डोंगर फाटला आहे, कोणत्या घरातील दाणा संपत आला आहे, याची यादी वाडीकऱ्यांच्याच तोंडून लिहून घ्यावी आणि ग्रामपंचायत व तहसील कचेरीपर्यंत पोहोचवावी. हे अभयदान होय. व्यापारी समाजाची मोठी विद्या हिशेबाची. ती कातकरी मुलामुलींना शिकवावी, म्हणजे भट्टीवर गेलेल्या बापाची उचल, खावटी आणि बाकी घरातलेच कोणी तपासू शकेल. हे ज्ञानदान होय. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. मात्र वाडीची चढण चढावी लागते आणि तेथील अंगणात जमिनीवर बसून ऐकावे लागते.

पन्नास वर्षांच्या कार्याचा ताळेबंद या स्मरणिकेत छापला जाईल. त्यात देणगीदारांची नावे असतील आणि ती असावीतच. त्यापुढील पानावर परिसरातील वाड्यांचीही नावे छापावीत, एकही न वगळता. इर्शाळवाडीचे नाव सर्वांना ठाऊक झाले ते ती वाडी गेल्यावर. दुसऱ्या कोणत्याही वाडीच्या वाट्याला तशी प्रसिद्धी येऊ नये, हीच या महोत्सवाच्या निमित्ताने प्रार्थना.

जय जिनेंद्र.