द्वारकेतली दवंडी

बसून घ्या माउली, मागं उभे आहेत त्यांनीही बसा. टाळकऱ्यांनो, टाळ जरा मांडीवर ठेवा. चाल पुढं धरू. एक गोष्ट दरसाल सांगायची म्हणतो आणि राहून जाते. ती आज सांगतो.

महाभारतात मौसलपर्व आहे. लहान पर्व, पण वाचवत नाही. ऋषींचा शाप झाला, सांबाच्या पोटातून मुसळ निघालं, त्याचं चूर्ण करून समुद्रात टाकलं. आणि त्याबरोबर द्वारकेत दवंडी पिटली. काय दवंडी? आजपासून या नगरात कुणी मद्य गाळायचं नाही. चोरून गाळील तो नातेवाइकांसकट सुळावर! म्हणजे बघा, दारूबंदी ही काही परवा निघालेली टूम नव्हे, देवाच्या गावात ती झालेली आहे. लोकांनी मानलीही. मग बुडाले कसे? सगळे यादव प्रभासक्षेत्री यात्रेला गेले. यात्रेला हं! वेशीच्या बाहेर. तिथं प्याले, जुनी उणीदुणी निघाली, गवताचं पातं उपटावं तर त्याचं मुसळ व्हायचं, आणि बापानं लेकाला ओळखलं नाही. भगवंत तिथंच उभे होते.

आता द्वारकेहून चंद्रपूरकडे या. शेजारी वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून बंदी, पलीकडे गडचिरोलीत १९९३ पासून. मधलं चंद्रपूर तेवढं मोकळं. २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून हजारो बाया पायी निघाल्या, नागपूरच्या अधिवेशनावर. आपले पाय पंढरीची वाट चालतात, त्यांचे पाय विधानसभेची वाट चालले. ५८८ ग्रामपंचायतींनी ठराव दिले. तरी चार-साडेचार वर्षं गेली. १ एप्रिल २०१५ ला बंदी लागली.

२०१९ च्या निवडणुकीचे दिवस. त्या जिल्ह्यात एका गावी सप्ताहात माझी सेवा होती. कीर्तन रंगात, आणि मंडपात गडबड. उमेदवार आले! नाव सांगत नाही. नारदाची गादी आहे, इथून नाव घ्यायचं ते एकाचंच. निवडून आला की पडला, तेही विचारू नका. संयोजकांनी त्याच्या हातात माईक दिला. तो म्हणाला, "बंदीनं काय झालं? वर्धा नदी ओलांडली की वणी. तिकडून चोरून येते, शाळेतली पोरं पोचवतात, दुप्पट भावानं खपते, वरचा हप्ता वेगळा. सरकारचा महसूल गेला तो गेला." यातलं काही खोटं नव्हतं, माउली. आदल्या रात्री मंडपामागं बसलेले मी डोळ्यांनी पाहिले होते. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दारू सुटते ती महाराजांच्या माळेनं, कायद्यानं नाही. मला निवडून द्या, मी बंदी उठवतो. सोडवायचं काम महाराजांचं."

टाळ्या पडल्या. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. साठी उलटली तरी स्तुती गोडच लागते. मी उठलो, विठोबाच्या तसबिरीवरचा तुळशीचा हार काढला आणि त्याच्या गळ्यात घातला. बुक्का लावला. फोटो निघाले.

दुसऱ्या दिवशी पंगतीत एक आजी वाढत होती. भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "महाराज, काल त्याच्या गळ्यात माळ घातली ना जी तुमी?" म्हटलं, हो, हार घातला. ती म्हणे, "माझ्या गळ्यात माळ आहे पंचवीस वर्षांची. माझ्या मालकानं नाही घातली. ज्याला घालाची तो घालत नाही जी. तो कीर्तनालाच येत नाही. माळेनं सुटली असती तर आमी चिमूरहून नागपूरले कायले चाललो असतो?"

माझा घास हातात राहिला.

चाळीस वर्षं मी सांगत आलो की माळ म्हणजे आपण आपल्यावर घातलेली बंदी, दुसऱ्याची सक्ती नव्हे. शास्त्राला धरून आहे ते. पण पिणारा एक आणि मार खाणारी दुसरी, तिथं तिनं कुणाच्या गळ्यात माळ घालायची? धान्याचे पैसे घेऊन तो गुत्त्यावर गेला, तर हिनं एकादशी करावी? उमेदवारानं बंदी मोडते कशी ते सगळं सांगितलं. पण बंदी मागितली कुणी होती, ते त्याच्या भाषणात नव्हतं. आणि माझ्याही ध्यानात आलं नाही. द्वारकेची दवंडी राजवाड्यातून निघाली होती. ही निघाली चुलीपासून.

काल्याच्या दिवशी मी गादीवरून बोललो, परवाचा हार माझ्या हातून चुकून पडला, देवाचा होता, देवाला परत. संयोजक गप्प. पुढल्या वर्षी त्या गावाची तारीख आली नाही. चालायचंच.

२७ मे २०२१ ला मंत्रिमंडळानं बंदी उठवली. दुकानं उघडली.

ती आजी कार्तिकीला येते. काल वाळवंटात भेटली. म्हटलं, आजी, आता? तिनं पिशवीतून कागद काढला. आडव्या बाटलीचा अर्ज! ठाऊक आहे ना? गावातल्या एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं की गावातलं दुकान बंद होतं. जी घरी राहिली तिचं मत उभ्या बाटलीलाच गेल्यासारखं. त्या अर्जासाठी ती सह्या जमवत होती. म्हटलं, माझी घ्या. ती हसली, "तुमची चालत नाही जी. बाईची पायजे, अन् आमच्याच गावची." तिच्या गावच्या सात-आठ जणी दिंडीत होत्या. त्या वाळूत ओळीनं बसल्या, निम्म्या अंगठेवाल्या. मग मी शाईची डबी धरून उभा राहिलो. हे बोट बघा, अजून निळं आहे.

चला, उचला टाळ. बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!