मिरजेचं पेट्रोल, कृष्णेचं पाणी

पाचगणीहून पसरणीचा घाट उतरला की वाई लागते. तिथून कृष्णेच्या काठाने भुईंज, रेठरे, वाळवा असा उसाचा पट्टा थेट सांगलीपर्यंत जातो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रायोगिक प्रकल्प सरकारने हाती घेतला, त्यातलं एक ठिकाण याच पट्ट्यात होतं. २००१ साली केंद्र सरकारने त्यासाठी मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातलं बरेली निवडलं. इथेनॉलचं प्रमाण होतं पाच टक्के.

जानेवारी २००३पासून नऊ राज्यांत आणि चार केंद्रशासित प्रदेशांत हे पाच टक्के सक्तीचे झाले. पण २००२च्या जुलैमध्येच सांगली जिल्ह्यातल्या उसावर लोकरी मावा ही कीड दिसली होती. पाठोपाठ दुष्काळ पडला, ऊस घटला, मळी कमी पडली आणि २००४ मध्ये सरकारला ही सक्ती सैल करावी लागली. ब्राझीलचा अनुभवही असाच आहे. १९७५ साली त्यांनी अल्कोहोलचा, म्हणजे इथेनॉलचा, कार्यक्रम हाती घेतला, लाखो गाड्या त्यावर धावू लागल्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मात्र कारखाने साखरेकडे वळले आणि गाडीवाल्यांना पंपावर अल्कोहोल मिळेनासं झालं. कोणत्याही मिश्रणावर चालणाऱ्या गाड्या तिथे २००३ मध्ये आल्या, तेव्हा कुठे लोकांचा विश्वास परतला.

आपल्याकडे २०१८च्या जैवइंधन धोरणाने चित्र पालटलं. तोवर मुख्यतः साखर काढून उरलेल्या मळीपासून इथेनॉल बनायचं. आता बी-हेवी, म्हणजे काही साखर शिल्लक असलेली, मळी आणि थेट उसाचा रसही चालू लागला. २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा.

शेतकऱ्याला याचा फायदा झाला, हे मान्यच करायला हवं. कायद्याने ऊसबिल चौदा दिवसांत द्यायचं असतं, पण साखर वर्षभर गोदामात पडून राहते आणि कारखान्याच्या हातात रोकड नसते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून काही आठवड्यांत येतात. ज्यांनी थकीत बिलांसाठी कारखान्याच्या फाटकावर ठिय्या दिला आहे, त्यांना या काही आठवड्यांचं मोल वेगळं सांगायला नको.

प्रश्न पाण्याचा आहे. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालानुसार उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला पहिली पाणीगाडी गेली ती मिरजेहून, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्या अहवालाच्या हिशेबाने एवढ्या पाण्यात इथेनॉल होतं जेमतेम पावणेदोनशे लिटर! यातलं काही पाणी पावसाचं असतं, हे खरं. पण माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांतल्या माणसाने हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहिले, तर त्याचा संताप रास्तच आहे.

आणि पाऊस हुकला की धोरणही डगमगतं. ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गळीत हंगामात, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर बंदी आणली. आठवडाभरात ती थोडी शिथिल झाली, पण कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभारलेले कारखाने हवालदिल झाले ते झालेच. उसाची जागा मक्याने घेतली. २०२३-२४ मध्ये इथेनॉलचा सर्वांत मोठा वाटा मक्याचा होता आणि कोंबड्यांचं खाद्य महागल्याची तक्रार कुक्कुटपालक करू लागले.

म्हणून सरकारने सक्ती जरूर करावी, पण नुसती टक्क्यांची नव्हे. इथेनॉल कशापासून आणि कुठल्या पाण्यावर बनलं, याचीही अट त्यात हवी. मळी, खराब धान्य आणि पिकांचे अवशेष यांना पहिला मान मिळावा, रसाला शेवटचा. ज्या कारखान्याच्या क्षेत्रात ऊस ठिबकवर आहे, त्याला चढा दर द्यावा. कमी पावसाच्या वर्षी टक्का आपोआप उतरेल, अशी तरतूद हंगामाआधीच जाहीर असावी, म्हणजे कारखान्याला आणि शेतकऱ्यालाही आधीच बेत आखता येईल.

वाहनधारकाचाही विचार व्हायला हवा. जुन्या चारचाकींचं मायलेज वीस टक्के मिश्रणाने सहा-सात टक्के घटतं, असं नीती आयोगाच्याच अहवालात नमूद आहे. अशा गाड्यांसाठी दहा टक्क्यांचं पेट्रोल चालू ठेवावं, ही शिफारसही त्यातच होती. वीस टक्क्यांच्या पुढे जाण्याची चर्चा दिल्लीत सुरू आहे. त्याआधी ही शिफारस अमलात यावी, आणि सातारा-सांगलीच्या पंपावर जुन्या दुचाकीवाल्यालाही कोणतं पेट्रोल भरायचं ते ठरवता यावं.