संगणकातील दोन घड्याळे



बुलढाण्यात घड्याळात १२ वाजतात तेव्हा सूर्य माथ्यावर आलेला नसतो. १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर धरली जाते. आपण त्याच्या पश्चिमेस सुमारे सव्वासहा अंश. अंशाला ४ मिनिटे, म्हणजे सरासरी २५ मिनिटांचा फरक. म्हणून जोहरची वेळ सूर्यावरून ठरते आणि शाळेची घंटा प्रमाणवेळेवर. दोन्ही घड्याळे खरी. कोणते कोठे वापरावे हे कळले पाहिजे.

संगणकातही दोन घड्याळे असतात. एक तारीख-वेळ सांगते. ते दुरुस्त करताना पुढेमागे सरकते. दुसरे फक्त किती काळ गेला ते मोजते आणि कधीही मागे जात नाही. समजा, विहिरीवरची मोटार २० मिनिटे चालवण्याचा प्रोग्रॅम कुणी सी भाषेत लिहिला आणि पहिल्या घड्याळावर मोजला. मध्येच ते १० मिनिटे मागे सरकले, तर मोटार ३० मिनिटे चालेल. तोवर विहिरीचे पाणी संपले तर मोटार जळण्याचा धोका! कालावधी मोजण्यास दुसरेच घड्याळ घ्यावे.

थांबण्याच्या आज्ञेचेही तसेच. लिनक्सवर 'स्लीप'ला ५ सांगितले तर ५ सेकंद. विंडोजवर त्याच नावाच्या आज्ञेला ५ म्हणजे ५ मिलीसेकंद, सेकंदाचा दोनशेवा भाग. 'क्लॉक' हे फंक्शन विंडोजवर गेलेला काळ सांगते, तर लिनक्सवर प्रोसेसरने त्या प्रोग्रॅमला दिलेला वेळ. प्रोग्रॅम झोपलेला असताना ते जवळजवळ हलतच नाही. शिवाय झोपेतून उठण्यास ठरल्यापेक्षा थोडा उशीरही होतो.

उपाय सोपा आहे. थांबण्याचे काम एकाच छोट्या फंक्शनमध्ये ठेवा आणि मिलीसेकंद हे एकक त्याच्या नावातच लिहा. विंडोज व लिनक्सच्या वेगवेगळ्या आज्ञा त्याच्या पोटात राहोत. बाकीचा प्रोग्रॅम बदलावा लागणार नाही.

पालकहो, "घरी चालले, कॉलेजात चालत नाही" असे मूल म्हणाले तर रागावू नका. एवढेच विचारा : बाळ, घड्याळ कोणते घेतलेस आणि एकक कोणते? संगणक न शिकलेल्या आईलाही हा प्रश्न विचारता येईल, आणि पुष्कळदा चूक तेथेच सापडेल.