आपला पहिलवान आणि सट्ट्याचा भाव



जुगार हराम आहे, हे या सभागृहात सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या मामेभावालाही ठाऊक होतं. तरी त्याने कॉलेजची फी एका लढतीवर लावली. म्हणाला, "भाईजान, हा जुगार नाही, अभ्यास आहे." म्हणून आज धर्माचं बाजूला ठेवून आपण तो अभ्यासच तपासू.

मिश्र मार्शल आर्ट्समध्ये कुस्तीगीर विरुद्ध ठोसेबाज हा जुना सामना. ६ ऑक्टोबर २०१८ रोजी लास वेगासमध्ये दागिस्तानच्या खबीब नुरमगोमेदोव्हने आयर्लंडच्या कॉनर मॅकग्रेगरचा पट काढला, त्याला खाली दाबून दमवलं आणि चौथ्या फेरीत मान आवळून हार मानायला लावली. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. या खेळात पाठ टेकल्यावरही लढत चालूच राहते. त्यावरून आमच्या पोरांनी नियम काढला: कुस्तीगीरच जिंकतो. त्यात खबीब मुसलमान, म्हणजे 'आपला'. मग शंका कोण घेणार?

पण जुलै २०१९ मध्ये काय झालं? बेन ॲस्क्रेन हा ऑलिंपिक खेळलेला, तोवर अपराजित कुस्तीगीर. तो पटासाठी वाकला आणि होर्हे मास्विदालचा उडता गुडघा बसला. पाच सेकंदांत खेळ खलास. ऑगस्ट २०२२ मध्ये कमारू उस्मान गुणांवर पुढे होता, शेवटच्या फेरीचं मिनिटही उरलं नव्हतं. लिऑन एडवर्ड्सची एक लाथ डोक्यावर बसली आणि विजेतेपद गेलं. कारण साधं आहे. प्रत्येक फेरी उभ्यानेच सुरू होते. पट काढायला जवळ जावं लागतं आणि तेवढ्यात ठोसेबाजाला एक फटका पुरतो.

आता भाव बघा. समजा, कुस्तीगीराला १.६० आणि ठोसेबाजाला २.४० भाव आहे. १ भागिले १.६० म्हणजे ६२.५ टक्के. १ भागिले २.४० म्हणजे सुमारे ४१.७. बेरीज १०४.२. शक्यतांची बेरीज शंभरच असते. वरचे चार हा सट्टेवाल्याचा गल्ला. म्हणजे नुसतं 'कुस्तीगीर भारी' हे ओळखून भागत नाही. या भावात शंभरातल्या किमान ६३ वेळा तो जिंकला, तरच तुमचे पैसे सुटतात. शिवाय तुम्ही पाहिलेले व्हिडिओ भाव लावणाऱ्यानेही पाहिलेले असतात.

मी सॉफ्टवेअरवाला, आकडेवारीत दिवस घालवतो. खबीब २९ लढती जिंकून निवृत्त झाला. पहिलवान म्हणून ते थोरच. पण २९ नोंदींवर उभं केलेलं मॉडेल मी ऑफिसात पुढे जाऊ देणार नाही.

मामेभाऊ पहिले तीन डाव जिंकला होता. घात तिथेच झाला. फी गेल्यावर चार महिने त्याने घरी सांगितलं नाही, उलट ती भरून काढायला मित्रांकडून उधार घेतलं. का सांगितलं नाही? मामू 'हराम' म्हणून घराबाहेर काढतील, या भीतीने.

२०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तरी मोबाइलवर लिंक येतातच. म्हणून वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती: मुलगा सांगायला आला, तर आधी ऐकून घ्या. आणि मुलांनो, खबीबची कुस्ती जरूर बघा, टाळ्या वाजवा. त्याला पैसे लागत नाहीत.